गोठलेला सदरा

१

तीन नंबरच्या खोलीचं दार मिस्त्रीनं सकाळी ओढलं, आणि आतून दाराला टेकून बसलेले मालक थेट त्याच्या पायांशी आले.

"ओंडका पडावा तसा आवाज झाला," मिस्त्रीनं सांगितलं. "मी आधी बाजूला झालो, मग ओरडलो."

"आधी का नाही ओरडलात?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"पायाला लागलं असतं ना."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मिस्त्री विनोद करत नव्हता. गेली कित्येक वर्षं या शीतगृहाची मशीनं सांभाळणारा हा माणूस मालकाच्या प्रेताकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख तर सोडाच, साधं आश्चर्यही नव्हतं. पलीकडे हमालांचा घोळका उभा होता. तिथेही तीच गत. एकानं तर जांभई दिली.

गोठवलेला वाटाणा आणि मासळी ठेवायच्या तीन खोल्या, शेजारी मशीनघर, आणि मशीनघराच्या भिंतीला भिंत लावून मालकाचं घर, असा सगळा पसारा. तीन नंबरची खोली रिकामी होती. माल काल दुपारीच दोन नंबरमध्ये हलवला होता, कारण आज ही खोली धुवायची होती.

बाई आत शिरल्या तशी थंडी अंगाला चावली. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवला. तिथं एक मूठ असायला हवी होती. आत कुणी चुकून अडकलं तर ती ढकलून बाहेर पडता येतं. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं.

"ही मूठ कुणी काढली?"

"त्यांनीच," मिस्त्रीनं प्रेताकडे हनुवटी केली. "उलट बोलणाऱ्याला आत घालायचे. 'जरा थंड हो' म्हणायचे. त्या हमालाचा हात बघा."

जांभई देणाऱ्या हमालानं डावा हात वर केला. दोन बोटं अर्ध्यावरच संपली होती.

बाई प्रेताशेजारी वाकल्या. मालक नुसत्या सदऱ्यावर होते. सदऱ्याची पुढची बाजू साधी, कापडासारखी मऊ. पाठ मात्र फळीसारखी कडक झाली होती, बोटानं टिचकी मारली तर वाजत होती. डोक्याच्या मागचे केसही तसेच, एकमेकांना चिकटून काचेसारखे झालेले. मागून येणाऱ्या हवालदाराचा पाय फरशीवर सर्रकन घसरला आणि तो पडता पडता वाचला. खोलीभर आरशासारखा गुळगुळीत बर्फ पसरला होता.

"खोली धुवायची, तर मशीन बंद ठेवावं लागतं ना?"

"लागतं. दुपारीच बंद कर म्हणाले होते," मिस्त्री म्हणाला. "मी विसरलो. दार कुणाकडून तरी चुकून लागलं असेल. अपघात आहे, बाई. लिहून टाका."

हे एवढं त्यानं इतक्या घाईनं म्हटलं, की बाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतका वेळ त्या माणसाला कसलीच घाई नव्हती.

२

मालकीणबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून त्या कांदा चिरत होत्या. टेबलाशी सून बसली होती. मान खाली, आणि बाहेर उकाड्यानं जीव जात असताना अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. तिचा नवरा, म्हणजे घरातला एकुलता एक मुलगा, बोटीवर नोकरीला होता. बापाच्या सावलीतून सुटण्यासाठी त्यानं समुद्र गाठला होता आणि बायकोला मात्र मागे ठेवलं होतं. हवालदार आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच घुटमळत राहिला.

"गेले ना नक्की?" मालकीणबाईंनी विचारलं. "हात लावून बघितलंत?"

"बघितलं."

"मग झालं तर." सुरी पुन्हा चालू झाली. "रडायला हवं का? हा कांदा आहे, त्यावर भागवून घ्या."

"काल तुम्ही काही ऐकलंत?"

"ह्या कानानं?" त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "हा त्यांच्याच थपडेनं गेला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी."

"तरीही इतकी वर्षं राहिलात."

"कुठे जाणार होते? हे शीतगृह काय त्यांनी एकट्यानं उभं केलं? तेव्हा एकच खोली होती. ते माल आणायला गावोगाव फिरायचे आणि मशीनघर मी सांभाळायचे. मुलगा पोटात होता तरी तिथंच बसून असायचे. पैसा आला, मिस्त्री आला, आणि मला सांगितलं की तुझी जागा आता चुलीपुढे." त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुमच्या चौकीतही येऊन गेले आहे मी. एकदा नाही, तीनदा. घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून परत पाठवलं. आणि आज तो मेला तर तुम्ही जीपनं आलात."

बाईंचा चेहरा तापला. 

"तुमचा फोटो आला होता पेपरात," मालकीणबाई म्हणाल्या. "माणूस मारलात तुम्ही. पदक मिळालं."

"त्यानं एका बाईच्या गळ्याला सुरा लावला होता. एका श्वासाचा अवधी होता."

"म्हणजे मारणं वाईट नाही. कुणी मारलं ते बघायचं."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मालकाचा धाकटा भाऊ आत घुसला. लालबुंद डोळे, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली.

"हिला विचारा!" त्यानं सुनेकडे बोट रोखलं. "काल संध्याकाळी दादा हिला केसाला धरून तीन नंबरकडे ओढत नेत होता. मी डोळ्यांनी बघितलंय. दादा आत राहिला आणि ही बाहेर आली. कशी आली बाहेर?"

"तुम्ही बघितलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग काय केलंत?"

"काय करणार? घरातली गोष्ट. मी आपला माझ्या खोलीत गेलो."

सुनेनं मान वर केली. "काका खरं बोलताहेत," ती म्हणाली. "दार मीच लावलं."

मालकीणबाईंच्या हातून कांदा निसटून खाली गडगडला.

३

चौकीत, बाईंच्या टेबलासमोर बसून सुनेनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. मनगटांवर काळेनिळे वळ होते, बोटं मोजून घ्यावीत इतके स्पष्ट.

"वेगळं राहायचं असं मी म्हणाले, एवढंच," ती म्हणाली. "जेवताना म्हणाले. मामंजींनी ताट बाजूला सारलं, माझे केस धरले आणि निघाले. 'तू फार तापलीस, थंड करतो तुला.' खोलीत ओढलं मला. मी हाताला चावले. त्यांनी दुसरा हात उगारला आणि पाय घसरून पाठीवर आपटले. खाली पाणीच पाणी होतं. मी बाहेर पळाले आणि दाराची कडी ओढून घेतली."

"आत मरतील असं वाटलं नाही?"

"कसे मरतील? मशीन बंद होतं. वरून पाणी टपटपत होतं, बर्फ उतरत होता. मला वाटलं, बसू देत रात्रभर ओल्यात. दुसऱ्याला आत घातलं की काय होतं ते कळू दे. सकाळी मिस्त्री उघडेल, तोवर मी लांब गेलेली असेन."

"मिस्त्री म्हणतो मशीन चालूच होतं."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "चालू? मग... म्हणजे मी मारलं त्यांना?"

"तुम्ही कुठे गेलात तिथून?"

"मैत्रिणीकडे. सकाळी ते गेल्याचं कळलं, म्हणून परत आले."

"जायच्या आधी कुणाला सांगितलंत, की ते आत आहेत?"

ही बाई आतापर्यंत न अडखळता बोलत होती. आता ती भिंतीकडे पाहू लागली. 

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

हवालदार तिला बाहेर सोडून आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "बाई, मिस्त्री म्हणतोय तसं अपघात लिहून टाकू. मेलेला काही संतमहात्मा नव्हता. उगाच कशाला त्या बायकांच्या मागे लागायचं?"

खरं सांगायचं तर बाईंच्याही मनात सकाळपासून तेच घोळत होतं. एक वाक्य लिहायचं, सही करायची, की सगळे सुटले. अख्ख्या शीतगृहात एक माणूस त्यासाठी त्यांना शिव्या देणार नव्हता.

"चला," त्या टोपी उचलून म्हणाल्या. "मशीनघर बघायचंय."

४

मशीनघरात कानठळ्या बसवणारी घरघर होती. मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि वाटेतून हलला नाही. "इथं काय राहिलंय बघायचं?"

तीन मशीनं, आणि समोरच्या भिंतीवर विजेचं कपाट. त्यावर हिरवी आणि लाल बटणं, प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत 'चालू' आणि 'बंद'. शाळकरी पोरालाही वापरता येईल असं. मागच्या भिंतीवर मात्र एक जुना लोखंडी खटका होता, हातभर लांब दांड्याचा.

"तो?"

"जुना आहे. बटणं बसवायच्या आधीचा. तीन नंबरचं मशीन सगळ्यात जुनं, ते त्याच्यावर अजून चालतं, पण वापरतो कोण? मी नोकरीला लागलो तेव्हाच ही बटणं बसली."

बाई जवळ गेल्या. खटक्याच्या पेटीवर, तारांवर, दांड्याच्या बुडाशी धुळीचा जाड थर होता. दांड्याची मूठ तेवढी स्वच्छ होती.

धाकटा भाऊ त्यांच्या मागोमाग आलाच होता. "तुमचा कधी संबंध आला ह्या मशीनांशी?" बाईंनी त्याला विचारलं.

"छे! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एकदा हात लावला तर मोटर जळाली. दादानं पायरी चढायची बंदी घातली. ते जाऊ द्या, तुम्ही सुनेला अटक कधी करताय? कामधंदा कुणीतरी बघायला हवा की नको?"

"दादाला जाऊन एक दिवस नाही झाला."

"म्हणून काय वाटाणा थांबतो?"

बाईंना त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. हात शिवशिवलाही. त्यांनी तो खिशात घातला आणि मिस्त्रीकडे वळल्या. "सुनेला अटक करतेय मी. खुनाबद्दल."

मिस्त्रीच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं. "अपघात आहे म्हटलं ना!"

"तुम्ही म्हणता मशीन चालूच होतं. चालू मशीनच्या खोलीत, आतून मूठ नाही हे माहीत असताना, तिनं माणूस कोंडला. त्याला अपघात म्हणत नाहीत. तुमच्या जबाबावर ती फासावर जाईल."

"मी तिच्यावर काही बोललो नाही! मी तर..." मिस्त्रीचा आवाज मशीनच्याही वर चढला. "बंद केलं होतं! दुपारीच बंद केलं होतं मी मशीन! सकाळी आलो तेव्हा चालू होतं!"

"आणि तो खटका?"

मिस्त्रीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण त्याची नजर घराच्या भिंतीकडे गेली, आणि बाईंना तेवढं पुरलं.

५

स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवलं. हवालदारालाही बाईंनी नाव घेऊन आत बोलावलं. धाकटा भाऊ खुर्चीवर पाय हलवत होता. मिस्त्री दाराशी होता, सून आणि मालकीणबाई टेबलाच्या एकाच बाजूला.

"उणे वीस अंशांच्या खोलीत पाणी नसतं," बाईंनी सुरुवात केली. "पण मालकांचा सदरा पाठीकडून भिजून मग गोठला होता. फरशीवरचाही बर्फ आरशासारखा होता. साचलेलं पाणी गोठलं की तसा होतो. म्हणजे सूनबाई सांगतात ते खरं. ते घसरून पडले तेव्हा खाली पाणी होतं, मशीन कधीचं बंद होतं. तसं ते बंदच राहिलं असतं तर ते भिजले असते, कुडकुडले असते, सकाळी बाहेर येऊन कुणाला तरी बडवलं असतं. पण जिवंत असते. ते मेले, कारण ते आत असताना कुणीतरी मशीन सुरू केलं."

सुनेनं डोळे मिटले.

"रिकाम्या खोलीचं मशीन सुरू करायचं काही कारण नाही. कारण एकच, आत तो माणूस होता. म्हणजे सुरू करणाऱ्याला ते ठाऊक होतं. मिस्त्रींनी केलं असतं तर बटण दाबलं असतं, तो त्यांचा रोजचा हात आहे. भाऊसाहेबांनी किंवा सूनबाईंनी केलं असतं तरी बटणच. मशीन न कळणारा माणूस 'चालू' लिहिलेलं सोडून धुळीतला खटका ओढायला जाणार नाही. तो खटका कुणी ओढेल? ज्याच्या हाताला बटणं यायच्या आधीची सवय आहे, तोच. मिस्त्रींनी सकाळी खटका खाली ओढलेला पाहिला, सगळं ओळखलं, गुपचूप वर केला आणि 'विसरलो' म्हणून स्वतःवर घेतलं. त्यांना कुणाला तरी पाठीशी घालायचं होतं. त्यापायी सूनबाईंच्या गळ्यात फास पडेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही."

 मालकीणबाईंनी सुनेच्या हातावर हात ठेवला.

"हिनं मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "धापा टाकत आली आणि म्हणाली, 'आई, आत कोंडलंय त्यांना, मशीन बंद आहे, सकाळी निघतील.' मी म्हटलं, तू जा. ती गेल्यावर मी बसले आणि विचार केला. सकाळी निघतील. मग? तुम्ही हुशार आहात, सांगा. मग काय झालं असतं?"

"तिला मारलं असतं," बाई म्हणाल्या.

"तेवढंच सांगायचं होतं मला."

"पण सकाळपर्यंत वेळ होता. तो बंद दाराआड होता. त्याच्या हातात काही नव्हतं. चौकीत फोन करायचा होता."

मालकीणबाई हसल्या. ते हसू पाहून धाकट्या भावाचे हलणारे पाय थांबले. त्यांनी हवालदाराकडे बोट केलं. "तीनही वेळा हाच होता. तिसऱ्या वेळी नाकातून रक्त येत होतं. हा म्हणाला, मावशी, घरी जाऊन गरम दूध प्या."

हवालदार फरशीकडे पाहत राहिला. तो सकाळी उंबरा का ओलांडत नव्हता, ते बाईंना आता कळलं.

"तुम्ही त्या माणसाला गोळी घातलीत तेव्हा तुमच्याकडे एका श्वासाचा अवधी होता म्हणालात," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्याकडे अख्खी रात्र होती. म्हणून मी खुनी, आणि तुम्ही शूर."

"हो," बाई म्हणाल्या.  "फरक तोच आहे. मला दुसरा रस्ता नव्हता."

"मला होता? कुठला ते दाखवा ना."

 बाईंनी दुसरंच विचारलं, "तो ठोकत होता दार?"

"ठोकत होता. मी दाराला उजवा कान लावला होता. आधी शिव्या दिल्या. मग धमक्या. मग नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत 'ए' सोडून काही म्हणाला नव्हता, त्यामुळे मला क्षणभर कळेचना की कुणाला बोलावतोय."

"तेव्हा उघडावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. परत मशीनघरात जाऊन खटक्यावर हात ठेवून उभी होते. वर करायला एवढासाही जोर लागत नाही." त्या थांबल्या. "मी बरोबर केलं असं म्हणत नाही मी. मला शहाणपण शिकवू नका, एवढंच म्हणते. चला, कुठे यायचं?"

सून किंचाळून उठली आणि बाई नि सासू यांच्या मध्ये उभी राहिली. मिस्त्री तिला धरायला पुढे झाला नाही. तोही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाईंना त्या दोघांच्या मधून हात घालून मालकीणबाईंचं मनगट धरावं लागलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी वाईट अटक त्यांनी केली नव्हती.

६

सुनेवर खटला उभा राहिला नाही. स्वतःच्या बचावासाठी दार लावलं, असं बाईंनी कागदावर स्पष्ट लिहिलं आणि वरिष्ठांनी भुवया उंचावल्या तरी एक अक्षर बदललं नाही. मालकीणबाईंवर मात्र खुनाचा खटला चालला.

साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलानं बाईंना पिंजऱ्यात चांगलंच घेरलं आणि शेवटी विचारलं, "कायदा बाजूला ठेवा. तुम्हीही माणूस मारला आहे. तुमच्या मते माझ्या अशिलानं केलं ते समर्थनीय होतं की नव्हतं?"

सरकारी वकील उसळून उठला. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदारानं याचं उत्तर द्यायची गरज नाही."

"देते मी," बाई म्हणाल्या. "दार लावलं, ते योग्य होतं. मशीन सुरू केलं, ते नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता असं मी म्हणत नाही, तो फारच वाईट होता. पण त्या रात्री त्याच्यापासून कुणाला धोका नव्हता. धोका सकाळी होता, आणि सकाळी तिथं उभं राहायचं काम आमचं होतं. आम्ही उभे राहिलो नसतो, याची तिला खात्री होती. ती खात्री आम्हीच तिला दिली. शिक्षा देताना एवढं ध्यानात घ्यावं."

वरिष्ठ पुढच्या बाकावर होते. त्यांनी असे डोळे वटारले, की बाईंना आपल्या बदलीचा वास तिथंच आला. मालकीणबाईंनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर आभार नव्हते आणि रागही नव्हता. न्यायालयानं शिक्षा दिली. मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी, तरी म्हातारपण खाऊन टाकेल एवढी. हवालदाराची चौकशी लागली. धाकट्या भावानं शीतगृह ताब्यात घेतलं, आणि मिस्त्री त्याच दिवशी काम सोडून गेला.

निकालाच्या दिवशी बाहेरच्या आवारात सून उभी होती, हातात कपड्यांचं पुडकं घेऊन. बाई तिच्याजवळ गेल्या.

"त्या घरात मला एकच माणूस होतं," सून म्हणाली. "ते तुम्ही नेलंत."

"न्यावं लागलं."

"कळतं मला. तुम्ही खोटं काही केलं नाही. म्हणून तर तुम्हाला शिव्याही देता येत नाहीत, त्याचा जास्त राग येतो." तिनं पदरानं नाही, तळहातानं डोळे पुसले, खसखसून. "पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

तुरुंगाची गाडी निघायला टेकली होती. सून धावत तिकडे गेली आणि जाळीच्या दारातून पुडकं आत सारू लागली. शिपायानं ते अडवलं, नियम सांगितला, आणि मग लांब उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. पुडकं आत गेलं. सुनेनं मागे वळून पाहिलं नाही.